झाँ देसायी आणि खिशातली पावती

पिएर लाशने आपल्याला पहिल्यांदा भेटतात ते घाईत. घरात शिरताना घाई, बॅग भरताना घाई, बायकोशी दोन शब्द बोलतानाही घाई. लिस्बनला ‘बाल्झाक आणि पैसा’ या विषयावर व्याख्यान आहे आणि विमान सुटायला वेळ उरलेला नाही. ओळखीतला एकजण गाडी काढतो, छोटी मुलगी गमतीला सोबत बसते, आणि लाशने विमान जेमतेम गाठतात. त्या विमानात निकोल नावाची हवाई सुंदरी असते. विमान चुकलं असतं तर गृहस्थ वाचले असते. पण काही माणसांची नेमकी नको ती गाडी कधी चुकत नाही.

चित्रपटाचं नाव ‘ला पो दूस’, साल १९६४, दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो. नावाचा शब्दशः अर्थ ‘मऊ त्वचा’. मराठीत ते साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं, त्याला माझा इलाज नाही. लाशनेंचं काम करणाऱ्या नटाचं नाव लिहितात वेगळं, पण फ्रेंच माणूस ते उच्चारतो झाँ देसायी. आता हे नाव कानावर पडल्यावर मराठी माणसाने पॅरिसमध्येच राहावं ही अपेक्षा जरा जास्त आहे. मला तर पहिल्या दहा मिनिटांतच ते देसाई वाटायला लागले. थोडं सुटलेलं पोट, मागे वळवलेले केस, चांगला कोट, पुस्तकांनी भरलेलं घर, आणि चेहऱ्यावर सतत काहीतरी विसरल्याचा भाव. असा माणूस आपल्या प्रत्येक साहित्य संमेलनात दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. खरे झाँ देसायी कॉमेदी-फ्रान्सेज या फ्रान्सच्या मानाच्या नाट्यसंस्थेत घडलेले, मोठे नट. त्यांनी हा माणूस इतका खरा केला आहे की त्याचा राग धड येत नाही आणि कीवही धड येत नाही.

हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा तरुणपणी, फिल्म सोसायटीत, पाठ मोडणाऱ्या लोखंडी खुर्चीवर. तेव्हा सगळे गंभीर चेहऱ्याने बसले होते, म्हणून मीही बसलो आणि ही एक शोकांतिका आहे असं समजून घरी आलो. दुसऱ्यांदा परवा, घरी, बायकोबरोबर. व्यभिचारावरचा चित्रपट बायकोच्या शेजारी बसून पाहणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. माणूस कुठे हसावं आणि कुठे खोकावं याचा हिशेब करत राहतो. पण हसायला सुरुवात तिनेच केली. लाशनेंनी तिसऱ्यांदा फोन उचलला तेव्हा ती म्हणाली, “याला जमणार नाही.”

तर हा माणूस म्हणजे तो: ज्याला जमणार नाही.

व्यभिचाराच्या बाबतीत फ्रेंच लोकांची जगभर ख्याती आहे, आणि ती त्यांनी स्वतःच रंगभूमीवर वाढवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज फेदोच्या फार्सांमध्ये नवरे, प्रियकर आणि हॉटेलचे वेटर इतक्या दारांतून आत-बाहेर करत की प्रेक्षकाची मान दुखावी. पण फेदोच्या माणसाकडे एक गुण असतो. बायको अचानक दारात उभी राहिली की सेकंदाच्या आत त्याच्या तोंडून थाप निघते. थाप वाईट असेल, पण ती वेळेवर येते. लाशनेंकडे थापाही आहेत, त्या सुचतातही, फक्त त्या सुचेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. दाढी झालेली, गुळगुळीत, व्याकरणशुद्ध थाप तयार करायला त्यांना वेळ लागतो. संपादकाचं काम करतात ना! ‘रात्युर’ नावाचं वाङ्मयीन नियतकालिक चालवतात. ‘रात्युर’ म्हणजे खाडाखोड. नियतकालिकाला हे नाव ठेवणाऱ्या माणसाने आयुष्य मात्र खाडाखोड न करता काढायचं ठरवलेलं असतं.

आपल्याकडे याच्या दोनच वर्षं आधी, १९६२ साली, आचार्य अत्र्यांचा लखोबा लोखंडे ‘तो मी नव्हेच’मधून रंगमंचावर आला. लखोबाला नावं अनेक, वेष अनेक, बायका अनेक, आणि कपाळावर एक आठी नाही. भर कोर्टात तो असा उभा राहतो की न्यायाधीशालाच आपली शंका यावी. लाशनेंकडे बायको एक, मैत्रीण एक, सबब एक, आणि त्या सबबीलाही घाम फुटलेला. लखोबाने यांना आठवडाभर हाताखाली घेतलं असतं तर दोनपैकी एक गोष्ट झाली असती: लाशने सुधारले असते, किंवा लखोबाने धंदा सोडला असता.

गंमत म्हणजे शिकायला त्यांना लांब जायची गरज नव्हती. ज्या बाल्झाकवर ते गावोगाव व्याख्यानं देत फिरतात, त्या बाल्झाकने १८२९ सालीच ‘लग्नाचं शरीरशास्त्र’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून ठेवलं आहे. त्यात नवऱ्याने बायकोवर लक्ष कसं ठेवावं, घर कसं असावं, खोल्या कशा असाव्यात, सगळं थट्टेच्या सुरात सांगितलेलं. त्यानंतर १८४०च्या आसपास पॅरिसमध्ये अशा ‘शरीरशास्त्रां’ची लाट आली. कारकुनाचं, विद्यार्थ्याचं, भाडेकरूचं, प्रत्येकाचं एक छोटं, स्वस्त, चित्रांचं पुस्तक. माणसाचा नमुना पकडून त्याची टर उडवायची हा त्या पुस्तकांचा उद्योग. कारकुनाचं पुस्तक खुद्द बाल्झाकचं. म्हणजे आत्ता मी जे करतो आहे ते पॅरिसच्या लोकांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी घाऊक भावात केलं आहे. त्यांच्यात ‘व्यभिचारी प्राध्यापकी गृहस्थ’ असा एखादा नमुना होता का ते मी शोधलेलं नाही. पण लाशने बाल्झाकच्या पैशावर बोलतात आणि बाल्झाकच्या लग्नाबद्दल गप्प राहतात, यातच पुढचं सगळं आलं.

आता लिस्बन. विमानात लाशनेंची नजर एका पडद्याखाली जाते. पडद्यामागे निकोल बूट बदलते आहे. सपाट बूट जातात, उंच टाचांचे येतात. एवढंच दिसतं. दुसरा माणूस पेपर उघडून बसला असता. लाशनेंच्या डोक्यात मात्र तेवढ्याने एक अख्खी कादंबरी सुरू होते. पुढे हॉटेलच्या लिफ्टमध्ये निकोल भेटते. ही लिफ्ट वर जाते तेव्हा वाटतं की ही इमारत आयफेल टॉवरपेक्षा उंच असावी; मजले संपता संपत नाहीत, लाशने तिच्याकडे पाहतात, ती त्यांच्याकडे पाहते, कुणीच काही बोलत नाही. उतरताना तीच लिफ्ट झटकन खाली येते. त्रुफोने या काळात हिचकॉकच्या लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या, त्यांचं पुस्तक नंतर १९६६ साली आलं, आणि हिचकॉककडून तो जे शिकला ते सगळं त्याने या लिफ्टमध्ये कोंबलं. खून, पाठलाग, बॉम्ब, काही नाही. एक मध्यमवयीन संपादक आणि लिफ्टची बटणं. आणि आपण खुर्चीच्या कडेवर.

खोलीत गेल्यावर लाशने फोन करतात. चला, बारमध्ये काहीतरी घेऊ. निकोल म्हणते, उशीर झाला आहे. लाशने माफी मागून फोन ठेवतात. या माफी मागण्यात त्यांचं खरं कसब आहे, व्याख्यानाच्या खालोखाल. मग थोड्या वेळाने फोन वाजतो, तिचाच. उद्या चालेल, म्हणते. फोन ठेवल्यावर हा गृहस्थ काय करतो? उडी मारत नाही, शीळ घालत नाही. खोलीतला एकेक दिवा लावत सुटतो. टेबलावरचा, भिंतीवरचा, पलीकडचा. सगळी खोली लख्ख. आमच्याकडे बायकोने हे पाहून विचारलं, “बिल हॉटेलवाल्यांचं ना?”

या जागी मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, बघ, बिचारा किती आनंदलाय, त्याला आनंद दाखवायला कोणी माणूस नाही म्हणून तो दिव्यांना सांगतोय. ती म्हणाली, “मग घरी गेल्यावर एक तरी दिवा लावतो का बघ.” मी पुढचा सगळा चित्रपट त्या दृष्टीने पाहिला. नाही लावत.

पॅरिसला परतल्यावर खरी कसोटी सुरू होते, कारण बाहेरगावचं प्रेम हॉटेलवर चालतं आणि गावातलं टेलिफोनवर. १९६४ च्या पॅरिसमध्ये टेलिफोन म्हणजे एक कर्मकांड होतं. बाहेरून फोन करायचा तर कॅफेत जायचं, गल्ल्यावरून टोकन घ्यायचं, बऱ्याचदा जिना उतरून तळघरात स्वच्छतागृहाच्या शेजारच्या कोनाड्यात उभं राहायचं, आणि तिथे आधीच कोणी उभं असेल तर वाट पाहायची. प्रियकराला वाटत असतं आपण चोरून काहीतरी धाडसी करतो आहोत. प्रत्यक्षात तो मुतारीच्या रांगेत उभा असतो. त्रुफोचा कॅमेरा हे सगळं बारकाईने टिपतो. बोट आकड्यात घालायचं, चकती फिरायची, परत यायची, पुन्हा बोट. गाडीचा गिअर, दिव्याचं बटण, किल्ली, कुलूप. चुंबनापेक्षा बटणांचे शॉट जास्त आहेत असं मी खात्रीने म्हणत नाही, पण मोजायला बसलो तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एकदा लाशने विमानतळावर निकोलची चुकामूक झाली असं समजून तिला तार लिहायला बसतात. मजकूर मनासारखा उतरतो, भावना ओतलेल्या असतात, आणि तेवढ्यात समोर निकोल. माणूस दुसरा असता तर तो कागद तिच्या हातात दिला असता. पुढची दहा भांडणं वाचली असती. लाशने तो चुरगळून टाकतात. लिहिलेलं छापायचं नाही हा संपादकाचा हात. आणि पुढे जो कागद खरोखर फाडायला हवा होता, तो मात्र नीट घडी घालून खिशात ठेवतात. पण त्या कागदाकडे नंतर येऊ, कारण आता रँस आलं.

रँस हा या माणसाचा सर्वोच्च बिंदू आहे. पॅरिसच्या ईशान्येला दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचं गाव, शँपेनच्या प्रदेशातलं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. लेखक आंद्रे जिदवरचा एक माहितीपट तिथे दाखवणार आहेत आणि लाशनेंनी दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांनी हिशेब केला: बायकोला सांगायला कारण आहे, आयोजकांनी बोलावलं आहे, निकोलला सोबत नेऊ, दोन दिवस मोकळे. कागदावर हा बेत निर्दोष आहे. चूक फक्त एक. ज्या गावात आपण प्रमुख पाहुणे आहोत त्या गावात चोरून काही करता येत नाही. हे आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या व्याख्यानमालेतल्या वक्त्याने त्यांना सांगितलं असतं. पाहुणा गाडीतून उतरला की त्याचा ताबा जातो तो हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींच्या हातात. चहा, ओळखी, मानपत्र, जेवण, आणि जेवणानंतर ‘तुमच्याशी जरा निवांत बोलायचं होतं’ म्हणणारा एक इसम.

रँसचा तो इसम म्हणजे क्लेमाँ. लाशनेंचा मित्र, कार्यक्रमाचा कर्ताधर्ता, उत्साहाने ओसंडणारा. वाईट माणूस नाही. तो कुठेच काही वाईट करत नाही; तो फक्त सोडत नाही. निकोलला हॉलमध्ये तिकीट मिळत नाही, खुर्च्या भरलेल्या. तिला मोजे हवे असतात, लाशने बंद होत आलेल्या दुकानाकडे धावतात. मोठमोठ्या माणसांबरोबर जेवण होतं, त्यात निकोलला जागा नाही, कारण निकोल अधिकृतरीत्या या गावात नाहीच. मग कॅफेत क्लेमाँ लाशनेंना पकडून बसवतो. काचेच्या पलीकडे रस्त्यावर निकोल उभी, आणि एक टपोरी तिच्या मागे लागलेला. लाशनेंना हे दिसतं आहे. उठून बाहेर जायला किती पावलं? दहा. पण उठले तर क्लेमाँ विचारणार, ती कोण? म्हणून ते बसून राहतात आणि मान डोलावतात. बायको या प्रसंगी हसली नाही. मीही नाही. इथवर हा माणूस हास्यास्पद होता. काचेच्या अलीकडे मान डोलावणारा लाशने पाहिल्यावर त्याला हसण्याची सोय राहत नाही.

म्हणून त्रुफो लगेच हसवतो. क्लेमाँ जाहीर करतो की आपल्यालाही पॅरिसला जायचं आहे, तुझ्याच गाडीतून येतो, रात्रभर गप्पा मारू. आता बघा, खोटं बोलायची ही सुवर्णसंधी. ‘गाडी बिघडली आहे.’ ‘मी उद्या निघणार.’ ‘मला पोटदुखी आहे.’ काहीही चालतं. लाशने एकही सबब न सांगता क्लेमाँला चकवतात, निकोलला गाडीत घालतात आणि पळ काढतात. आंद्रे जिदवर बोलायला आलेला विद्वान अपरात्री गावातून पळून जातो, एका मित्राला चकवून.

वाटेत एका पेट्रोल पंपावर निकोल जीन्स काढून स्कर्ट घालून येते, कारण साहेबांना बायका स्कर्टमध्ये बऱ्या वाटतात हे तिला कळलेलं असतं. एवढ्या गडबडीतही आवडनिवड शाबूत. मग एका ग्रामीण खाणावळवजा हॉटेलात मुक्काम. सकाळी नाश्त्याचा ट्रे दाराबाहेर ठेवला जातो आणि एक मांजराचं पिल्लू येऊन उरलेलं दूध चाटतं. या सगळ्या प्रकरणात विनातक्रार, वेळेवर, ठरलेलं काम करणारा हा एकटाच जीव. त्रुफोला हे पिल्लू इतकं आवडलं की १९७३ मध्ये चित्रपटाच्या शूटिंगवरच काढलेल्या आपल्या चित्रपटात त्याने पुन्हा एक पिल्लू आणलं, आणि तिथे ते काही केल्या दूध प्यायला तयार होत नाही, सगळं युनिट हातावर हात ठेवून बसतं.

आणि इथे, या शांत सकाळी, लाशने कॅमेरा काढतात.

मला हे आजही कळत नाही. ज्या गोष्टीचा मागमूस राहू नये म्हणून माणूस रँसमधून चोरासारखा पळाला, तिचे तो फोटो काढतो. निकोलचे काढतो, दोघांचे मिळून काढतो. रोल दुकानात धुवायला देतो. दुकानदार पावती देतो. लाशने पावती घेतात, कारण पैसे दिले की पावती घ्यायची असते, आणि खिशात ठेवतात, कारण पावती खिशात ठेवायची असते. मोबाइलच्या काळात वाढलेल्या वाचकांना ही पावती समजावून सांगावी लागेल: तेव्हा फोटो काढला की तो लगेच दिसायचा नाही, एका अनोळखी माणसाला आपलं गुपित पाण्यात आणि रसायनात बुडवून बाहेर काढू द्यावं लागे, आणि मग काही दिवसांनी ते घेऊन यायला एक नंबर लागे. तो नंबर म्हणजे ती पावती.

कोट दिसला तेव्हा बायको म्हणाली, “आता सापडणार.” तिला कोणी चित्रपटाची गोष्ट सांगितलेली नव्हती. पण कपडे धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासायचे हा नियम तिच्या हातात गेली पस्तीस वर्षं आहे, आणि माझ्या खिशातून निघालेल्या बसच्या तिकिटांवरून, किराणा यादीवरून आणि एकदा चुकून राहिलेल्या शंभराच्या नोटेवरून तिला माझं आयुष्य जितकं माहीत आहे तितकं मलाही नाही. गुप्त पोलिसांची जी कामं फ्रेंच चित्रपटांत पाहायला मिळतात ती आपल्याकडे बादलीशेजारी होतात.

लाशनेंच्या बायकोला, फ्रांकाला, पावती सापडते. ती दुकानात जाते आणि फोटो घेऊन येते.

फ्रांका हे या चित्रपटातलं सर्वांत जिवंत माणूस, आणि नेली बेनेदेत्ती या इटालियन नटीने ती भूमिका अशी केली आहे की घर तिच्यामुळे गरम वाटतं. तिला आधीच वास आलेला असतो. लाशनेंनी रँसबद्दल जी थाप मारली ती फोनवर लगेच उघडी पडते, कारण फ्रांकाला रँसहून आधीच समजलेलं असतं की साहेब काल रात्रीच निघाले. भांडण, रडणं, समेट, पुन्हा भांडण, आणि लाशने घराबाहेर. हे घर, ते जिने, त्या खोल्या पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: लाशनेंचं हे घर म्हणजे त्रुफोचं स्वतःचं घर. त्याने आपल्याच फ्लॅटमध्ये चित्रण केलं, आणि त्याच सुमारास त्याचा स्वतःचा संसारही मोडत होता. लाशने हे आडनावही उसनं: लहानपणी ज्या रोबेर लाशनेबरोबर तो शाळा बुडवून सिनेमे पाहायचा त्या मित्राचं. मराठीत ते वाचताना आडनावातच शेवट लिहून ठेवल्यासारखा वाटतो, पण याची कल्पना त्रुफोला असायचं कारण नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेत बायकोने व्यभिचार केला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद होती. नवऱ्याला मात्र फक्त दंड, आणि तोही त्याने दुसरी बाई राहत्या घरात आणून ठेवली तरच. आणखी एक कलम होतं: नवऱ्याने बायकोला आणि तिच्या प्रियकराला स्वतःच्या घरात रंगेहाथ पकडून मारलं तर त्याचा गुन्हा सौम्य मानावा. बायकोने नवऱ्याला मारलं तर मात्र अशी सवलत नव्हती. हे सगळं १९७५ साली गेलं. (आपल्याकडचं कलम ४९७ आणखी त्रेचाळीस वर्षं टिकलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढेपर्यंत.) म्हणजे १९६४ मध्ये लाशने कायद्याच्या चौकटीत अगदी निर्मळ होते. निकोलला त्यांनी कधी घरी आणलं नाही. मोजे बाहेर, फोन बाहेर, फोटो बाहेर. कायदा त्यांनी काटेकोर पाळला. कायदा पाळण्यात हा माणूस कधीच चुकला नाही.

निकोलनेही त्यांना फार काळ सहन केलं नाही. लाशने तिला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत फ्लॅट दाखवायला नेतात, इथे पलंग, इथे पुस्तकं, आणि ती शांतपणे सांगते की नको. तिला लग्न, फ्लॅट, बाल्झाक, काही नको होतं. लिस्बनची एक संध्याकाळ तिला पुरेशी होती. ही भूमिका करणारी फ्रांस्वाझ दोर्लेआक चित्रीकरणाच्या वेळी एकवीस वर्षांची. चित्रपट १९६४ च्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याचं स्वागत थंड झालं. त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार ‘शेरबूरच्या छत्र्या’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटाला मिळाला, त्यात तिची धाकटी बहीण कातरीन दनव होती. एका बहिणीच्या चित्रपटात सगळी पात्रं गाऊन बोलतात, दुसऱ्या बहिणीच्या चित्रपटात फोनची चकती फिरते. परीक्षकांना गाणं आवडलं, यात त्यांना दोष कशाला द्यावा. तीन वर्षांनी दोर्लेआक मोटार अपघातात गेली, पंचविसाव्या वर्षी, आणि त्यामुळे आज हा चित्रपट पाहताना बुटांचा तो शॉट आला की जरा थांबायला होतं.

फ्रांका फोटो घेऊन निघते तेव्हा रस्त्यात एक माणूस तिची छेड काढतो. रँसमध्ये निकोलच्या मागे लागलेला तो टपोरी आठवा. तिथे काचेमागे लाशने बसले होते. इथे काच नाही आणि लाशनेही नाहीत. फ्रांका वळते आणि त्या माणसाला भर रस्त्यात असं झाडते की त्याला पळायला वाट मिळत नाही. माझी बायको म्हणाली, “बरं झालं.” आणि मग जरा थांबून, “पण हे त्याला ऐकवायचं नव्हतं.”

त्या वेळी लाशने नेहमीच्या रेस्तराँत, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या टेबलावर. एवढं सगळं होऊनही जेवणाची वेळ चुकवलेली नाही. आणि त्यांनी एक शहाणपणाचा विचार केला आहे, चित्रपटातला पहिला: घरी फोन करू, फ्रांकाशी बोलू, मिटवू. पण फोन मोकळा नाही, कोणीतरी बोलत बसलं आहे. लाशने थांबतात. सभ्य माणूस फोनवरच्या बाईला ‘जरा लवकर’ म्हणत नाही. फोन मोकळा होतो, चकती फिरते, पलीकडून मोलकरीण उचलते आणि सांगते की बाईसाहेब आत्ताच बाहेर पडल्या. लाशने टेबलावर येऊन बसतात, पेपर उघडतात. बाईसाहेबांना त्यांचा पत्ता विचारावा लागत नाही. निकोलला काचेबाहेर ताटकळत ठेवलं, क्लेमाँला चकवलं, बायकोला फोनच्या तारेवर लटकवलं, सगळ्यांना वाट पाहायला लावणारा हा माणूस या एकाच ठिकाणी अगदी वेळेवर हजर आहे. फ्रांकाच्या रेनकोटाखाली शिकारीची बंदूक आहे. ती आधी फोटो फेकते, मग गोळी झाडते. त्रुफोने हे बातम्यांमधून उचललं होतं. पॅरिसच्या रेस्तराँत असं खरंच घडलेलं होतं.

श्रेयनामावली येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. मी मनात काहीतरी गंभीर जुळवत होतो, फिल्म सोसायटीतल्या त्या लोखंडी खुर्चीची सवय. बायकोने रिमोट खाली ठेवला.

“तो क्लेमाँ घरी कसा गेला असेल हो?”

“कोण क्लेमाँ?”

“रँसमध्ये सोडलेला. गाडीतून येतो म्हणाला होता ना. अपरात्री बिचारा रस्त्यावर.”

मी म्हटलं, रँसहून पॅरिसला आगगाडी असते, गार द लेस्ट स्टेशनला उतरतात.

“त्या वेळेला असेल?”

आता १९६४ सालचं फ्रेंच रेल्वेचं वेळापत्रक माझ्याकडे कुठून असणार. सकाळची मिळाली असेल, म्हटलं. ती उठली, पाणी प्यायला आत गेली, आणि जाता जाता खुर्चीच्या पाठीवर टाकलेला माझा शर्ट धुवायच्या बादलीकडे घेऊन गेली.